दिवाळीच्या आसपास पहाटेची ग्रुप राईड: तयारी अंधाराची करा

पाऊस उघडला की पुण्यात धूळ खात पडलेल्या सायकली बाहेर निघतात, आणि राईडच्या आदल्या रात्री ग्रुपवर एकच चौकशी सुरू होते: थंडी किती असेल? थंडीचं सोडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती पहिल्या दहा मिनिटांपुरती असते. खरा त्रास अंधाराचा आणि दवाचा.

म्हणून आधी सूर्योदय बघा, मग वेळ ठरवा. ऑक्टोबरच्या मध्यात पुण्यात साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, नोव्हेंबर सरता सरता पावणेसात उलटून जातात. रस्ता दिसण्याइतका उजेड त्याआधी वीसेक मिनिटं येतो. पावणेसहाला जमून सहाला निघालात तर अंधारातला टप्पा शहरातल्या दिव्यांखालीच संपतो. पाचला निघण्यात बहादुरी आहे, पण खड्डे दिसत नाहीत.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी स्वारगेट, खडकवासला, डोणजे, गोळेवाडी नाका आणि परत असं करावं. जाऊन-येऊन साधारण 50 किलोमीटर होतात. सिंहगडाचा घाट पहिल्या दिवशी नको. दौंड-बारामतीकडे जाणार असाल तर उसाच्या ट्रॉल्यांचं भान ठेवा. हंगाम सुरू झालेला असतो आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरही नसतो.

माणसं सहा ते आठच. जास्त जमली तर दोन तुकड्या करून पाच मिनिटांच्या अंतराने सोडा.

आदल्या रात्री हवा भरताना दाब नेहमीपेक्षा पाचेक पीएसआय (पंपावरचं दाबाचं माप) कमी ठेवा. दवाने रस्ता ओलसर असतो, टायरची पकड बरी राहते. पांढरे पट्टे आणि चेंबरची झाकणं अशा वेळी साबणासारखी होतात. त्यांच्यावर वळू नका, ब्रेकही दाबू नका. प्रत्येकाकडे आपल्या मापाची ट्यूब हवी, पंप दोघांकडे असला तरी चालतं. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. लाल दिवा लुकलुकता नको, स्थिर ठेवा. मी एकदा लुकलुकता ठेवला होता. मागच्याने किरकटवाडीपर्यंत माझा उद्धार केला, आणि त्याचं बरोबरच होतं.

कपड्यांचा नियम सोपा: निघताना किंचित कुडकुडायला हवं. उबदार वाटत असेल तर नांदेड फाट्यापर्यंत घामाने भिजाल. खिशात मावेल असं पातळ विंडचीटर पुरे. घरी राहिलं तर टपरीवरून जुना पेपर मागून घ्या आणि उतारावर जर्सीच्या आत छातीशी धरा. वारा अडतो. डोळ्यांवर बिनरंगी चष्मा हवाच, पाऊस संपल्यावर पहाटे चिलटं फार.

आता चालवण्याचं. एका रांगेत, डाव्या बाजूने. मागे राहिलात की वारा कमी लागतो आणि दम वाचतो, त्यामुळे नवखा माणूस पुढच्याला चिकटायला जातो. सरावाआधी निदान एका सायकलीचं अंतर ठेवा. आणि आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला येऊ देऊ नका. तो खड्डा चुकवायला सरकला, तर तो सरळ निघून जातो, पडता तुम्ही. नजर त्याच्या चाकावर नको, खांद्यावरून पुढच्या रस्त्यावर.

खड्डा दिसला की पहिल्याने हाताने दाखवून ओरडायचं, प्रत्येकाने ते मागे पोचवायचं. ‘मागून गाडी!’ ही हाक शेवटच्याने द्यायची, ती पुढे जाते. लाजू नका, कुत्री तुमच्याहून मोठ्याने भुंकतात.

सगळ्यात दमदार गड्याला पुढे ठेवण्याची चूक बहुतेक ग्रुप करतात. तो शेपटीला हवा, पंप घेऊन. सगळ्यात हळू चालवणारा दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे त्याला आडोसाही मिळतो आणि पुढच्याला त्याच्या श्वासावरून वेग कळतो. पुढचा गडी बदलायचा तो थांब्यावरच. चालता चालता जागा बदलणं पाच-सहा राईडनंतर.

खडकवासला धरणाजवळ चहा घ्या, पण पंधरा मिनिटांत उठा. घाम वाळला की खरी थंडी तिथे वाजते. शिवाय रविवारी आठनंतर सिंहगडाच्या गाड्यांची रांग लागते.

परतताना तोंड पूर्वेकडे, ऊन थेट डोळ्यांत. मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत तेच ऊन असतं आणि त्यात तुम्ही त्याला दिसत नाही. त्यामुळे लख्ख उजाडलं म्हणून मागचा लाल दिवा बंद करू नका, घराच्या फाटकापर्यंत चालू ठेवा.