शेतातला नोड पंधरा दिवसांत का मरतो? या चुका टाळा

जळगावातली इंजिनिअरिंगची पोरं नोडचा (शेतात बॅटरीवर चालणारं, माप घेऊन रेडिओने पाठवणारं छोटं यंत्र) बोर्ड घेऊन येतात, तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, स्लीप मोड टाकलाय, काम नसताना चिप झोपते, तरी बॅटरी उतरते." झोपेतला करंट मोजला का? नाही, डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात वाचला.

ही चूक मीही केली आहे, म्हणूनच जास्त चिडतो. रावेरकडे एका केळीच्या बागेत मातीचा ओलावा मोजणारा नोड लावला होता. अ‍ॅटमेगा३२८पी कंट्रोलर, लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) आणि २६०० एमएएचचा १८६५० लिथियम सेल. "वर्षभर बघायला नको," असं मालकांना छातीठोकपणे सांगून आलो. सोळाव्या दिवशी त्यांचा फोन: "भाऊ, तुमचं यंत्र झोपलं का मेलं?" मीटर लावला तर झोपेत ७ मिलिअँपिअर! कंट्रोलर बिचारा खरंच झोपला होता. एएमएस१११७ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर एकटाच ५ खात होता, बाकीचे पॉवरच्या लाल एलईडीचे. २६०० भागिले ७ म्हणजे जेमतेम साडेपंधरा दिवस. हा भागाकार घरी बसून करता आला असता. एलईडी उपटला आणि त्या रेग्युलेटरच्या जागी एमसीपी१७०० लावला, तो स्वतःसाठी १.६ मायक्रोअँपिअर घेतो.

मोजतानाही पोरं फसतात. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर नोड जागा झाला की व्होल्टेज मीटरमध्येच पडतं, बोर्ड रिसेट होतो आणि शिव्या कोडला बसतात. मी मीटरच्या दोन्ही टोकांना एक वायर आडवी लावून ठेवतो. बोर्ड झोपला की ती काढायची, आकडा वाचायचा, जाग येण्याआधी परत लावायची. एवढा धीर नसेल त्याने तयार किट विकत घ्यावं.

बॅटरीचं व्होल्टेज मोजायला १०के-१०केचा डिव्हायडर (व्होल्टेज निम्मं करणारे दोन रेझिस्टर) कायमचा जोडू नका, ४.२ व्होल्टला २१० मायक्रोअँपिअर रात्रंदिवस गळतात. कंट्रोलरच्या न वापरलेल्या पिना तरंगत्या, म्हणजे कशालाच न बांधता सोडू नका. आणि दर मिनिटाला रीडिंग कशाला? ठिबक चालू असली तरी माती इतक्या घाईत नसते.

दुसरं दुखणं रेंजचं. मृगबागेत जुलैत चाचणी घेतली. रोपं गुडघ्याएवढी, सिग्नल झकास. दिवाळीला पानं डोक्यावर गेली आणि पॅकेट हरवायला लागले. केळीचं पान म्हणजे पाण्याची भिंतच. पोरं लगेच रेडिओची पॉवर वाढवतात, म्हणजे बॅटरी पुन्हा गेली. मी अख्खा डबाच बांबूवर पानांच्या वर चढवतो आणि सेन्सरची वायर खाली सोडतो. अँटेनाची केबल लांबवली तर सिग्नल केबलमध्येच मरतो. ८६६ मेगाहर्ट्झला अँटेनाची, लहरीच्या पाव लांबीची तार साधारण साडेआठ सेंटिमीटर, तीही मोजून कापा. अँटेना न जोडता ट्रान्समिट करून मॉड्यूल जाळणारेही दरवर्षी भेटतात.

डबा काळा नको. मेमध्ये इथे पारा पंचेचाळिशी गाठतो, बंद डब्यात त्याहून जास्त. तेवढ्या तापलेल्या लिथियम सेलला भर दुपारी सोलरने चार्ज करू नये. माझा डबा पांढरा, पॅनलच्याच सावलीत.