जुन्या थडग्यांवरची अक्षरं वाचायची कशी

गावाबाहेरची विसरलेली दफनभूमी शोधायची तर आधी जुने सर्व्हेचे नकाशे बघा, हल्लीच्या नकाशांत नसलेल्या जागा त्यात बरेचदा मिळतात. जमीन खाजगी असेल तर मालकाला विचारून जा, सोबत कोणीतरी असू द्या, गवतात साप असतात म्हणून बूट हवेतच.

आता मुख्य गोष्ट. दगड कोरा दिसतो म्हणजे अक्षरं गेलीच असं नाही, बऱ्याचदा फक्त उजेड चुकीचा असतो. ऊन समोरून आलं की काहीच दिसत नाही, पण तोच उजेड बाजूने, दगडाला घासून गेल्यासारखा तिरपा आला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि अख्खं नाव वर येतं, खरंच बघण्यासारखं असतं ते! सकाळचं किंवा उतरतं ऊन नाही मिळालं तर मोठ्या आरशाने ऊन वळवा, किंवा सावली करून बाजूने टॉर्च मारा. फ्लॅश बंदच ठेवा.

अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, शेव्हिंग फोम लावायला सांगणारे भेटतील, प्लीज ऐकू नका. संगमरवर पावसातल्या सौम्य आम्लानेही झिजतो, त्यावर फोम कशाला? तारेचा ब्रश आणि ब्लीच तर नकोच, आणि दगडावर चिकटून वाढणारं दगडफूल खरवडलं तर त्याच्यासोबत अक्षराचा पापुद्राही निघून येतो. वालुकाश्म तर थरांनी सुटतो, त्याला हातच लावू नका. स्लेटवर (पाटीच्या दगडावर) मात्र 200 वर्षांपूर्वीचं कोरीवकामही स्पष्ट राहिलेलं दिसतं. कललेल्या दगडाला टेकू नका, कमरेएवढा दगडही सहज 100 किलोच्या पुढे जातो.

ख्रिश्चन दफनभूमीत कोकरू कोरलेलं असेल तर बहुतेक लहान मूल, तुटलेला खांब म्हणजे अकाली मृत्यू. नुसती आद्याक्षरं असलेला छोटा दगड बघून मुलाची कबर समजू नका, तो बरेचदा मोठ्या कबरीच्या पायथ्याचा असतो. जन्मतारीख नसली तरी कधीकधी वय वर्षं-महिने-दिवसांत दिलेलं असतं, मृत्यूच्या तारखेतून वजा करा, जन्म साधारण कळतो.

फोटो काढताना अख्खा दगड, जवळून अक्षरं आणि आजूबाजूच्या कबरी असे तिन्ही घ्या, कारण शेजारी बरेचदा घरचीच माणसं असतात. लोकेशन ऑन ठेवा आणि घरी आल्यावर फाइंड अ ग्रेव्ह या कबरींची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर टाका. 1 की 7, 3 की 8 कळत नसेल तर प्रश्नचिन्ह द्या, अंदाजाने टाकलेली तारीख पुढे कोणाच्या तरी वंशावळीत खरी म्हणून जाऊन बसते.