दुसरा डीव्हीडी ड्राइव्ह आणि रोज बदलणारं नाव

लिनक्सच्या पीसीला दुसरा डीव्हीडी रायटर लावला, बायोसमध्ये दिसला, डीमेसेगमध्ये (लिनक्सच्या संदेशांची यादी) पण एसआर० आणि एसआर१ ही दोन्ही ड्राइव्हची नावं आली, मला वाटलं झालं काम. कसलं काय! एकदा रीबूट केलं की या नावांवर चालणारी डिस्क कॉपीची स्क्रिप्ट बरोबर चालायची, पुढच्या वेळी रिकाम्याच ड्राइव्हचा ट्रे बाहेर. केबल बदलून बघितली, उगाच अर्धा दिवस गेला.

मग कळलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) ज्या क्रमाने ड्राइव्ह सापडतील त्या क्रमाने नंबर देतो, त्यामुळे एसआर० म्हणजे कायम वरचाच ड्राइव्ह असं काही नसतं. युडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांची नावं सांभाळणारा प्रोग्राम) रूल लिहायचा ठरवला, पण दोन्ही ड्राइव्ह एकाच मॉडेलचे, युडेव्हॲडम इन्फो या कमांडमध्ये सिरियल नंबर बघावा तर दोघांचा सेम टू सेम! शेवटी आयडी पाथ वापरला, तो पोर्टवरून ठरतो, आणि सिमलिंकची (ड्राइव्हकडे नेणारी टोपण लिंक) नावं सरळ 'वरचा' 'खालचा' अशी ठेवली, अर्थात इंग्रजी अक्षरांत. रूल रीलोड, ट्रिगर, की दोन्ही लिंक हजर.

तरी साध्या युजरला परमिशन डिनाइड येतच होतं, ते सीडीरॉम ग्रुपमध्ये नाव घालून परत लॉगिन केल्यावर गेलं. फक्त आता सॅटा केबल दुसऱ्या पोर्टात घातली तर रूल पण बदलावा लागणार.