उसन्या बांबूंचा माटव कसा घालायचा

आमच्या कुडाळच्या बाजूला मांडवाला माटव म्हणतात. पाऊस सरला की खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, चोपायचं, सारवायचं, त्यावर माटव घालायचा आणि मृग जवळ आला की उतरवायचा. लहानपणी हे दरवर्षी बघितलं. मग पुण्यात पाच वर्षं वास्तुकला शिकले, त्यात माटवाचं नाव एकदाही निघालं नाही. गावी परतल्यावर सुट्टीतल्या वाचनालयासाठी शाळेच्या मागच्या आवारात मोठा माटव घालायचं ठरलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी 'शिकलेली'. गेली तीन वर्षं आम्ही तो घालतो आहोत. तुमच्या वाडीत घालायचा असेल तर आमच्या चुका तुमच्या उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

पैसे नव्हते, म्हणून बांबू उसने आणायचं ठरलं. ज्यांच्या परड्यात (घरामागच्या जागेत) माणग्याची, म्हणजे आमच्याकडच्या बांबूची, बेटं आहेत अशा घरांमधून मागायचे आणि मे अखेरीला परत करायचे. पहिलाच बांबू देताना शेजारचे आबा म्हणाले, "गो बाय, खिळो मारू नको हां. बांबू माका परत व्हयो." माझा सगळा आराखडा त्या एका वाक्याने बदलला. खिळा नाही, भोक नाही, करवत नाही. जी लांबी आली तीच वापरायची, जास्तीचा भाग एकमेकांवर चढवायचा, आणि जोड सगळे बांधायचे. पुढे कुठेही अडलात की एवढंच विचारा: हा तुकडा उद्या ज्याचा त्याला परत देता येईल का?

लोक फुकट बांबू का देतील, असं तुम्हाला वाटेल. खरं तर त्यांचाही फायदा आहे. नुसता तोडून मांगरात (शेतावरच्या खोपटात) टाकलेल्या बांबूला भुंगा लागतो, कारण त्याच्या गरात पिठूळ अंश (स्टार्च) असतो. आम्ही तो तोडतो, व्हाळात (ओढ्यात) भिजवतो, सुकवतो, चार-पाच महिने उभा ठेवतो आणि परत करतो. घरधन्याला दिल्यापेक्षा बरा बांबू मिळतो. मागायला जाल तेव्हा हेच सांगा, देशसेवा वगैरे सांगू नका. परवानगीची काळजीही नको. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती झाली, आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. आपल्या परड्यातला बांबू आपण तोडू शकतो. आवार ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची आणि ग्रामपंचायतीची संमती मात्र लेखी घ्या.

आता सभा. पहिल्या वर्षी आम्ही ती रात्री देवळात घेतली. पुरुष आले, जागा ठरली, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी छपरासाठी चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, विणायला बायका जमल्या आणि एकीने विचारलं, पोरांना घेऊन येणाऱ्यांनी पाणी कुठून आणायचं? ठरलेल्या जागेपासून विहीर लांब होती आणि दुपारची उन्हं थेट आत येणार होती. सगळं काम ज्यांच्या हातचं, त्यांनाच कुणी विचारलं नव्हतं. त्यात मीही आले. दुसऱ्या वर्षापासून जागेचं बोलणं विणायच्या ठिकाणी, दुपारी चारला, चहाबरोबर. जागा अर्ध्या तासात ठरते. काठी रोवून सावली कुठे पडते ते तिथल्या तिथे बघून घेतो.

माप सांगते. आमचा माटव २० फूट बाय ३० फूट, ७० मुलं चटईवर आरामात बसतात. मेढींच्या (उभ्या खांबांच्या) तीन ओळी, दोन ओळींत १० फुटांचं अंतर, एका ओळीत चार मेढी, म्हणजे १२ मेढी. या बेचकं असलेल्या लाकडाच्या, जुन्या मांगरांमधून मिळतात. बेचक्यात आडवा बांबू बसतो म्हणून वर बांधणी सोपी जाते. आडव्या बांबूंच्या तीन ओळी, प्रत्येकीत बुंध्याकडचे २२ फुटी दोन. दोन्ही टोकांना दोन-दोन फूट बाहेर काढलेत की मधल्या १० फुटांच्या गाळ्यात दोघे शेजारी-शेजारी येतात. तिथे दोन मेढींवर टेकलेला दुहेरी बांबू मिळतो, तो वाकत नाही. त्यांच्यावर आडवे, दर दोन फुटांवर एक, अशा १६ ओळी, प्रत्येकीत १५ फुटी दोन. कोपऱ्यांना तिरके आठ. झाले ४६ बांबू. एक बाजू ९ फूट उंच, मधली साडेआठ, पलीकडची ८. हा उतार नावापुरता आहे. चुडतांचा माटव सावलीसाठी असतो, पावसासाठी नव्हे, हे सर्वांना आधीच सांगा, नाहीतर वळीव आला की तुमच्याकडे बघतील.

बांबू नोव्हेंबरात तोडा, पावसातला कोवळेपणा गेलेला असतो. तीन वर्षांच्या वरचाच घ्या. जून बांबूच्या पेरांवरची सोपटं (सुकी वेष्टनं) गळलेली असतात, सालीवर पांढुरके डाग असतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकला तर टणटण वाजतो. कोवळा बांबू सुकला की चिरतो. जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या जरा वर तोडा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही आणि बेट कुजत नाही. आमच्याकडे अमावस्येच्या आसपास तोडतात. ते खरं की खोटं यावर वाद घालण्यात मी वेळ घालवला नाही. सगळे त्याच दिवसांत मोकळे असतात, एवढंच मला पुरलं. मग व्हाळात दगडांखाली तीन आठवडे. वास येतो, चांगलाच येतो, म्हणून धुणं धुतात त्याच्या खालच्या अंगाला बुडवा. काढल्यावर सावलीत उभे करून सुकवा. उन्हात आडवे टाकले तर तडकतात.

वही आधी, बांबू मग. प्रत्येक बांबू येतो तेव्हा घर, लांबी, आधीची चीर असेल तर ती, सगळं वहीत लिहा आणि चिरेचा फोनवर फोटो काढा. बुंध्याला त्या घराच्या रंगाची चिंधी बांधा. एका घराने जुन्या नऊवारीचा काठ फाडून दिला होता. तो माटवभर सजावटीसारखा दिसायचा. रंगाचे पट्टे मारू नका, परत करताना खरवडत बसावं लागतं.

खड्डे दोन फूट खोल, पारईने. जांभ्याच्या कातळावर असाल तर दिवसाला तीन खड्डे झाले तरी पुष्कळ. तळाला सपाट दगड, त्यावर मेढ, बाजूने दगड आणि माती थराथराने ठोकून. वाळवी लागते म्हणून बुडखा आधी आगीवर फिरवून काळा करतात. एका हंगामाला पुरतं. एका हौशी मुलाने सिमेंट घालूया म्हटलं. मी त्याला १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतरची गोष्ट सांगितली. शिगेरू बान या वास्तुविशारदाने कागदी नळ्यांची घरं उभी केली, त्यांचा पाया म्हणजे वाळूच्या पिशव्या भरलेले बिअरचे क्रेट. गरज संपली की उचलायचे. मुलांना बिअरच तेवढी लक्षात राहिली, पण सिमेंटचा विषय संपला.

सगळ्यात जास्त वेळ बांधणीला द्या. पहिल्या वर्षी पैसे वाचवायला मी नायलॉनची दोरी आणली. बांबूची साल गुळगुळीत, नायलॉनही गुळगुळीत; दिसायला घट्ट, पण हळूहळू सरकत राहते. एप्रिलातल्या एका संध्याकाळी वावटळ आली, एका कोपऱ्याचा आडवा बांबू बेचक्यातून उठला आणि पंधरा-वीस झापं (विणलेली चुडतं) शाळेच्या कौलांवर जाऊन पडली. वाचनालय सुटलेलं होतं म्हणून निभावलं. हलकं छप्पर पडत नाही, उडतं. तेव्हा वजन पेलण्याइतकंच त्याला खाली धरून ठेवायलाही हवं, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि विसरले होते.

सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, वापरा. अर्धा तास पाण्यात ठेवला की मऊ होतो, हाताला कमी लागतो. जोड पेराच्या अगदी लगत घ्या, म्हणजे पेराचा फुगवटा दोरीला अडवतो. एक टोक उभ्या मेढीला फास टाकून अडकवायचं. मग आडव्या बांबूवरून, मेढीच्या मागून, पुन्हा आडव्याखालून असे चार वेढे, एकमेकांवर न चढवता, चिकटून. बरेच जण इथेच गाठ मारतात आणि फसतात. आता दोरी दोन बांबूंच्या मधून, त्या वेढ्यांच्याच कमरेभोवती, तीनदा फिरवायची आणि पाय मेढीला लावून सगळा जीव लावून ओढायची. वेढे करकरतात, बांबू एकमेकांना चावतात. मग गाठ. आबा जोड झाला की त्याला लोंबकळून बघतात. आठवड्याने सगळे जोड पुन्हा आवळा, कारण बांबू सुकून बारीक होतो. आम्ही हे काम सहावी-सातवीच्या मुलांना दिलंय: कुठला जोड ढिला हे दोरीला बोट लावून सांगायचं, आवळायचं मोठ्यांनी.

तिरके बांबू विसरू नका. ते लावण्याआधी एका मुलाला कोपऱ्याची मेढ ढकलायला सांगा, सगळा माटव डुलेल. तिरके बांधा, पुन्हा ढकलायला सांगा. मी वर्गात कैचीचा त्रिकोण शिकले, इथे तो पोरांनी दहा सेकंदांत शिकला. शिवाय चारी कोपऱ्यांवरून जमिनीतल्या खुंट्यांना सुंभाचे ताण द्या, आणि अंधारात कुणी अडखळू नये म्हणून त्यांवरही चिंध्या बांधा.

झापांचं काम बायकांचं म्हणतात. आमच्याकडे आता दोन तरुणही बसतात आणि शिव्या खात शिकतात. चुडतं दोन दिवस भिजवून मधोमध चिरायची आणि पाती एकाआड एक विणायची. आम्हाला पावणेदोनशे झापं लागली. खालच्या कडेपासून सुरुवात करून प्रत्येक वरचं झाप खालच्यावर चढवा, आणि वावटळ आठवून तीन जागी बांधा, दोन जागी नव्हे.

सुकलेलं चुडत म्हणजे पेटायला तयार काडी. माटवाखाली चूल नाही, समई नाही, फटाके नाहीत. दोन कोपऱ्यांना २०० लिटरचे पाण्याचे पिंप आणि बादल्या, दोन्ही टोकं बाहेर पडायला मोकळी. दिव्याची वायर झापांना टेकू देऊ नका, आणि जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. यावर गावकीत कुणाशी वाईट झालं तरी चालेल.

मेच्या शेवटच्या आठवड्यात उतरवायचं. आधी झापं, मग ताण, तिरके सगळ्यात शेवटी. सुंभ गुंडाळून मांगरात. झापांचं खत करावं असं माझं मत. बायकांचं मत चुलीला. दरवर्षी सभा होते आणि दरवर्षी ती चुलीत जातात. खड्डे त्याच मातीने बुजवून आवार सारवून द्यायचं.

मग वही उघडायची आणि चिंधी बघून घरोघर बांबू पोचवायचे. यंदा ४६ पैकी ४५ पोचले. राहिलेला शोधत फिरलो, तर तो पलीकडच्या वाडीत झेल्याला, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीला, बांधलेला दिसला, नऊवारीच्या काठासकट. ज्यांचा बांबू त्यांनीच तो दिला होता म्हणे, माटव उतरायच्या आधीच. वहीत त्याच्यापुढे 'झेला' असं लिहिलं आणि पान उलटलं.