अमेरिकेत नोकरीला येताय? ६२.४ पाठ करून या

महाराष्ट्रातून इथे स्थापत्याच्या नोकरीला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी एक आकडा पाठ करायला लावते: ६२.४. एक घनफूट पाणी इतके पौंड भरतं.

आपण घनता किलो प्रति घनमीटरमध्ये शिकलो. इथे ऑफिसात आणि साइटवर सगळे ‘पीसीएफ’ म्हणतात, म्हणजे पौंड प्रति घनफूट. पीसीएफला १६.०२ ने गुणलं की किलो प्रति घनमीटर मिळतात. पण गुणायचं की भागायचं, हा घोटाळा घाईत हमखास होतो. म्हणून मी विशिष्ट गुरुत्वाच्या, म्हणजे वस्तू पाण्याच्या किती पट जड आहे त्या आकड्याच्या, वाटेने जाते. त्याला एककच नाही, त्यामुळे ते पुण्यात आणि ह्यूस्टनमध्ये सारखंच. काँक्रीट पाण्याच्या २.४ पट जड, २.४ गुणिले ६२.४, झाले १५०. पोलाद ७.८५ पट, झाले ४९०. साध्या काँक्रीटचं उत्तर ६२ च्या खाली आलं, तर ते पाण्यावर तरंगायला हवं! गणित पुन्हा करा. मातीच्या वजनाचे आकडे आपल्याकडे किलोन्यूटन प्रति घनमीटरमध्ये असतात, त्यांना ६.३७ ने गुणा: तिथले १८ म्हणजे इथले ११५.

आता माझी एक चूक सांगते. पहिल्याच डिझाइनमध्ये मी आयएस ४५६ या आपल्याकडच्या काँक्रीटच्या मानकातला सळईसकट काँक्रीटचा २५ किलोन्यूटनचा आकडा घेतला आणि रूपांतर करून १५९ लिहिले. रूपांतर अचूक होतं. पण इथे त्याच काँक्रीटला १५० धरायची रीत आहे. स्लॅबचं स्वतःचं वजन ६ टक्के जास्त धरलं गेलं, तपासणाऱ्याच्या बेरजा माझ्याशी जुळेनात आणि चूक सापडेपर्यंत दोन दिवस गेले. तेव्हा मोजून आलेला आकडा रूपांतरित करा. रीतीने धरलेला आकडा मात्र इथलाच घ्या. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

गॅलन दिसला की कुठला ते विचारा. अमेरिकन गॅलनभर पाणी ८.३४ पौंड, ब्रिटिश गॅलनभर १० पौंड. कॅनडातल्या जुन्या कागदांवर ब्रिटिश गॅलन भेटतो.

त्याच कॅनडात १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या एका विमानाचं इंधन हवेतच संपलं. इंधनाचे लिटर १.७७ ने गुणले होते. त्याने पौंड मिळतात, पण ते किलो समजले गेले. किलोसाठी साधारण ०.८ हवा होता. वैमानिकांनी इंजिनांशिवाय विमान गिमलीला उतरवलं आणि सगळे वाचले. पहिले सहा महिने तरी वहीत प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा, कितीही कंटाळा आला तरी.

आणि घरी १२ औंसांचा मध ८ औंसांच्या कपात मावला तर गोंधळू नका. बाटलीवरचा औंस वजनाचा, कपाचा औंस मापाचा, आणि मध पाण्याहून जवळजवळ दीडपट जड.