जुना बी-२७५ ट्रॅक्टर पुन्हा उभा करताय? या चुका टाळा

गोठ्यामागे वर्षानुवर्षं उभा असलेला बी-२७५ दुरुस्त करायचा बेत बऱ्याच घरांत श्रावणात ठरतो, आणि दसऱ्याच्या पूजेला तो लालभडक दिसलाच पाहिजे असा सगळ्यांचा आग्रह असतो. इथेच गणित चुकतं. दसऱ्यापर्यंत हवेत दमटपणा असतो, मिस्त्री घाईत असतो आणि रंग आधी चढतो, दुरुस्ती मागे राहते. दिवाळीनंतर काम काढा, गुढीपाडव्याला पूजा करा. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ साली भागीदारी केली, तिच्यातून आलेलं हे मॉडेल आहे. चार सिलिंडर, ३५ एचपी. इतकी वर्षं टिकलेल्या यंत्राला चार महिने द्यायला काहीच हरकत नाही.

ओढून चालू करू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढायचं नाही. पिस्टन रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरून बसलेल्या असतात. झटका बसला की रिंग तुटते, कधी पिस्टनचा रॉड वाकतो. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल मिसळून सोडा, काही दिवस मुरू द्या. मग क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. नोझल बाहेर असतानाच पूर्ण दोन फेरे झाले पाहिजेत, म्हणजे आत साचलेलं ऑइल बाहेर पडतं. ते आत राहिलं आणि सेल्फ मारला, तर ऑइल दबत नाही, रॉड वाकतो.

पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि हाताशी जाड फळी घ्या. डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल किती जायचं ते ठरवणारी दांडी, गंजून फुल थ्रॉटलला अडकलेला असू शकतो. तसं झालं तर इंजिन बेफाम पळतं, चावी बंद करून थांबत नाही. हवा बंद केली की थांबतं. फळीच लावा, हात कधीच नको.

बोल्ट जबरदस्तीने फिरवणं

हा ट्रॅक्टर मूळच्या इंग्लंडच्या डिझाइनचा, त्यामुळे जुन्या गाड्यांवर इंची आटे भेटतात. हार्डवेअरच्या दुकानात आठ एमएमचा बोल्ट सहज हाती येतो. ५/१६ इंची बोल्टचा व्यास ७.९४ एमएम, म्हणजे डोळ्याला दोन्ही सारखेच. पण एकाला इंचाला १८ आटे, दुसऱ्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १.२५ एमएम. दोन-तीन फेरे छान बसतात आणि मग कडक लागतं. तिथे पान्यावर जोर दिला की बिडाच्या हाउसिंगमधले आटे गेलेच. बोल्ट हाताने आत गेला नाही तर तो त्या भोकाचा नाही. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर नाव लिहा, आणि खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

गळती तशीच ठेवून रंग मारणं

गिअरबॉक्सचा ऑइल सील, हायड्रॉलिकचं पॅकिंग, टॅपेट कव्हर यांतून थेंब येत असेल तर त्याच्यावर कोणताही रंग टिकत नाही. आधी इंजिन तापेपर्यंत चालवा, लिफ्ट वर-खाली करा, दुसऱ्या दिवशी खाली पुठ्ठा पसरून बघा. पुठ्ठा कोरडा राहिला की मगच प्रायमर.

आणि डिझेलने धुऊन काम भागत नाही. डिझेलचा थर पत्र्यावर राहतो. डिझेलनंतर साबणाचं गरम पाणी, पूर्ण वाळवणं, मग थिनरची एक ओली चिंधी आणि लगेच मागोमाग एक कोरडी. चिंधी एकच वापरली तर तेल पुसलं जात नाही, पसरतं. रंगात गोल गोल खड्डे पडले, माशाच्या डोळ्यासारखे, तर कारण नव्वद टक्के वेळा हेच किंवा कंप्रेसरमधून आलेलं तेल. तिथे वरून आणखी एक हात मारू नका, वाळल्यावर घासून पुन्हा पुसा.

सँडब्लास्टिंग रिमला ठीक, बॉनेटला नाही. पातळ पत्रा तापून वाकतो, आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) गेलेली रेती पुढे बेअरिंग खाते. उघडा पडलेला लोखंडी भाग त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे.

रंग चढल्यावर दिसणारी दुखणी

सुरकुत्या पडल्या तर समजा, जुन्या इनॅमलवर जहाल थिनरचा रंग गेला. आधी लपलेल्या कोपऱ्यात थिनरची चिंधी घासा. जुना रंग मऊ पडला तर तो पूर्ण उतरवा. पांढुरका धुरकटपणा म्हणजे दमट हवा. फोड म्हणजे उन्हात तापलेला पत्रा. सकाळचं दव उडाल्यावर, सावलीत काम करा.

रंगानंतर सेल्फ मंद फिरतो, दिवे मिणमिणतात? बॅटरी बदलायला धावू नका. अर्थिंगची जागा रंगाखाली गेली आहे. ती खरवडून चकचकीत करा, व्हॅसलीन लावा. ग्रीस निपल आणि रेडिएटरची जाळीही रंग मारताना झाकूनच ठेवायची.

पीयू (पॉलीयुरेथेन) रंग वापरणार असाल तर एक गोष्ट कळकळीने सांगते: रंगात मिसळायच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा कापडी मास्क कामाचा नाही. योग्य कार्ट्रिजचा मास्क नसेल तर साधं सिंथेटिक इनॅमल मारा, तेही मोकळ्या हवेत. या ट्रॅक्टरवर ते शोभतंच.

चेसिस आणि इंजिन नंबर ग्राइंडरखाली जाऊ देऊ नका, पुट्टीखाली तर नाहीच. आरसी बुकशी नंबर जुळला नाही तर आरटीओत ट्रॅक्टर तुमचा आहे हे पटवून देणं कठीण होतं. रंग वेगळा द्यायचा असेल तर त्याचीही नोंद लागते. नंबर प्लेट रिव्हेट काढून बाजूला ठेवा, शेवटी बसवा. स्टिकर मात्र लगेच चिकटवू नका. इनॅमल वरून कोरडं वाटलं तरी आतून बरेच दिवस वाळत असतं. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, नाहीतर स्टिकरखाली फुगे येतात.