पावसाळ्यात एअर पिस्तूल ठेवून द्यायच्या आधीची तयारी

जून लागला की आपल्या बेळगावात काय होतंय ते सांगायला नको, पोरांच्या शाळा सुरू, रेंजवर जायचं म्हटलं तर पावसाची झड, मग पिस्तूल बॉक्समध्ये जाऊन बसतंय ते गणपती झाल्यावरच बाहेर येतंय. आणि रोज मारून पिस्तूल जेवढं झिजत नाही तेवढं असं पडून पडून बिघडतंय, म्हणून ठेवायच्या आधी थोडा वेळ काढा की.

सगळ्यात आधी रिकामं आहे का बघा. तोंड सेफ दिशेला, लिव्हर उघडून आत पॅलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, “काल मीच काढली होती” हे चालत नाही. मग बॅरलमधनं, म्हणजे नळीतनं, भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं आहे हे दाखवणारी दोरी) ओवून ठेवा, मॅचला तो कम्पल्सरी असतोयच, घरात पण तो दिसला की बाकीच्यांना कळतंय. पिस्तूल कॉक करून, म्हणजे मारायच्या तयारीत ताणून, ठेवायचं नाही, स्प्रिंगवालं असेल तर अजिबातच नाही, स्प्रिंग बसते आणि पॉवर जाते. सीओटू गॅसवर चालणारं असेल तर अर्धी वापरलेली 12 ग्रॅमची कार्ट्रिज (गॅसची छोटी नळकांडी) तशीच आत ठेवू नका, सील दबून राहतंय आणि मग गॅस लीक. उरलेला गॅस गेला तर जाऊदे.

मग पुसणं. हाताच्या घामात मीठ असतंय आणि गंज तिथूनच धरतो, त्यामुळं बाहेरचा लोखंडी भाग मऊ फडक्यानं पुसून गन ऑइलचा अगदी हलका हात फिरवा. घरात आहे म्हणून खोबरेल तेल लावू नका, थोड्या दिवसांनी त्याचा चिकट थर होतोय आणि धूळ धरतोय. आणि कॉम्प्रेस्ड एअरच्या पिस्तुलाला आतल्या बाजूला, हवेच्या वाटेत, तेल म्हणजे तेल घालायचं नाही, 200 बार एवढ्या प्रचंड दाबाची हवा आणि तेल एकत्र आलं तर भडका उडू शकतोय, उगीच घाबरवायला सांगत नाही. ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला, लागलंच तर सिलिकॉन ग्रीस, ते पण मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढंच. बॅरलला लोखंडी रॉड घालू नका, फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) क्लिनिंग पॅलेट नाहीतर दोरीची चिंधी मागच्या बाजूनं पुढं ओढा, बास. लाकडी ग्रिप कोरड्या फडक्यानं पुसली तरी पुरे.

आता ठेवायचं कुठं, हा खरा घोळ. बॉक्समधला फोम दिसायला भारी असतोय पण ओल धरून ठेवतोय, आणि आपल्याकडं खानापूर, जांबोटी, कणकुंबी बाजूला पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तिथं फोम कुठला वाळणार. बॉक्स ट्रॅव्हलिंगला ठेवा, घरात पिस्तूल सुती कापडात सैल गुंडाळून कुलपाच्या कपाटात ठेवा, आणि ते कपाट पावसाच्या झडीकडच्या भिंतीला टेकलेलं नको. सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली म्हणायचं, गरम केले की परत निळे होतात, पण त्यात कोबाल्ट हा विषारी धातू असतंय तेव्हा भाकरीच्या तव्यावर टाकू नका, त्याला वेगळं भांडं ठेवा. काहीजण तांदळाची पुरचुंडी ठेवतात, तिची भुकटी उडून आत जाते, मला काही ते पटत नाही. निपाणीकडच्यांना एवढा त्रास नाही, पण पुडी टाकायला काय जातंय.

कॉम्प्रेस्ड एअरच्या पिस्तुलाचा हवेचा सिलेंडर पार रिकामा करून ठेवू नका, थोडं प्रेशर राहू दे म्हणजे सील जागेवर राहतंय आणि ओली हवा आत जात नाही. हँडपंपनं भरत असाल तर धो धो पाऊस चालू असताना भरू नका, पंप ती दमट हवाच ओढतोय आणि पाणी सिलेंडरात साठतंय. सिलेंडरवरची तारीख पण आत्ताच बघून घ्या, मुदत संपलेला सिलेंडर वापरायचा नाही आणि मॅचला ती जबाबदारी शूटरचीच असते.

पॅलेटचा डबा घट्ट लावून कोरड्यात, ओल लागली की शिशावर पांढरी पूड चढते. डब्याला हात लावला की साबणानं धुवायचे, मग आपला बेळगावी कुंदा (खव्याची मिठाई) खायचा.

नळीचं भोक 4.5 एमएमपर्यंत आणि गोळीची ताकद 20 ज्यूलच्या आत असेल तर लायसन लागत नाही, पण म्हणून शोकेसमध्ये मांडून ठेवायची वस्तू नव्हे ती, पाहुण्यांची पोरं आली की पहिला हात तिथंच जातोय. कुलूप लावा, पॅलेट वेगळ्या जागी. बिलाची झेरॉक्स बॉक्समध्ये टाकून ठेवा, कोल्हापूरला मॅचला जाताना बसमध्ये नाहीतर चेकिंगला कोणी विचारलं तर बरं पडतंय.

आणि खंडेनवमी! घरात शस्त्रपूजा असतेय, आजी पिस्तुलाला पण हळदकुंकू लावणारच, अडवू नका, फक्त बॉक्स बंद करून पुढं ठेवा आणि वरून पूजा करा म्हणा. कुंकवाचे कण ट्रिगरमध्ये गेले की ते काढायला गनस्मिथ (बंदूक दुरुस्त करणारा) शोधत बसायचं, आणि पाणी शिंपडलं की तर झालंच.

पाऊस उघडला की परत रेंजवर नेताना आधी स्क्रू ढिले झालेत का बघा, हवेचा दाब दाखवणारा गेज बघा, दोन फेल्टच्या पॅलेट मारा, आणि सुरुवातीच्या पॅलेट नुसत्या कागदावर, स्कोर धरायचा नाही.